कलम चारमधला काना

मात्राबाईंचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि ते तिथंच राहिलं. छापखान्यात कुणाचीच मात्रा त्यांच्यापुढे चालत नसे, शिवाय मजकुरातली चुकलेली मात्रा त्यांना दहा हातांवरून दिसे, म्हणून त्या मात्राबाई. हे नाव कुणी ठेवलं, असं त्यांनी एकदा विचारलं होतं. सगळ्यांनी इमानेइतबारे माझ्याकडे बोट दाखवलं. बाई म्हणाल्या, "निदान शुद्ध लिहिता तरी येतं ना तुम्हाला?"

सरकारी छापखान्यात त्या मुद्रितशोधक होत्या. एकतीस वर्षं. कायदे, नियम, बदल्यांच्या याद्या, हरवलेल्या शिक्क्यांच्या जाहिराती, सगळं त्यांच्या चष्म्याखालून जायचं आणि मगच लोकांपुढे यायचं. छापून गेलेल्या मजकुरात चूक निघाली तर मागाहून एक शुद्धिपत्र काढावं लागतं: अमुक पान, अमुक ओळ, अमुकऐवजी तमुक वाचावे. खाली चुकीचं कारण आणि शोधकाचं नाव. तो कागद बांधीव खंडात जातो आणि जन्माचा तिथं राहतो. एकतीस वर्षांत बाईंच्या नावाचं असं एकही शुद्धिपत्र निघालं नव्हतं आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. बाई बढाईखोर नव्हत्या, पण ही एक गोष्ट त्या नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायच्या. मलाही सांगितली होती, आणि पुढे म्हणाल्या होत्या, "आता तुमच्या हातात आहे."

घरीही तोच खाक्या. यजमानांचं शिंप्याचं दुकान. लग्नाआधी त्या दुकानाच्या पाटीवर ‘कपडे शीवून मिळतील’ असं लिहिलेलं होतं. बाई त्या दुकानाची पायरी पहिल्यांदा चढल्या त्या कापड घेऊन नव्हे, तर ‘शी’ची वेलांटी बदला हे सांगायला. त्यांनी बदलली. पुढचा संसार त्या वेलांटीतून झाला. मुलगी परगावी वसतिगृहात राहून शिकत होती. ‘आई मी बरी आहे काळजी करू नको’ असा तिचा निरोप मोबाइलवर आला की बाईंचं उत्तर जायचं: ‘आई’नंतर स्वल्पविराम, ‘आहे’नंतर पूर्णविराम, जेवलीस का?

मी त्यांचा वाचक. पुस्तक वाचून माना डोलावणारा वाचक नव्हे, छापखान्यातला. आमचं काम असं: मूळ मजकूर माझ्या हातात, छापलेलं कच्चं पान त्यांच्या हातात. मी मोठ्यानं वाचायचं, त्यांनी ऐकता ऐकता पानावरून नजर फिरवायची. माझा आवाज आणि त्यांचे डोळे, असं दोघांचं मिळून एक माणूस. दुसऱ्या मजल्यावरची खोली, समोरासमोर दोन खुर्च्या, मधे शाईचे डाग पडलेलं टेबल, खाली यंत्रांची धडधड. त्या धडधडीवरून आवाज न्यायचा तर छाती लागते, आणि छाती माझ्याकडे होती.

खरं सांगायचं तर मला नट व्हायचं होतं. बाविसाव्या वर्षी तीन नाटकमंडळींनी मला परत पाठवलं, कारण आवाज खणखणीत, पण वाक्यं लक्षात राहत नसत. छापखान्यात वाक्यं हातातच असतात. तेव्हा मी अकरा वर्षं सरकारी अधिसूचनांचे प्रयोग करत होतो. ‘ज्याअर्थी’ म्हणताना भुवई वर, ‘त्याअर्थी’ म्हणताना खाली. पाणीपुरवठा खात्याची नियमावली मी अशी वाचली होती की खालचे यंत्रवाले जिन्यात येऊन उभे राहिले. बाई मला ‘नाटकवाले’ म्हणायच्या. "नाटकवाले, पाणी पुरवा, डोळ्यांतून काढू नका."

या हौसेपायी माझ्या नावावर दोन लेखी ताकिदी जमा झाल्या होत्या. पहिली, एका सूचनेतला ‘न’ मी रंगाच्या भरात गिळला आणि जिथं प्रवेश नव्हता तिथं तो सगळ्यांना मिळाला. दुसरी, बदल्यांच्या यादीतली एक ओळ मी ओलांडून गेलो. ज्याची बदली राहिली त्या गृहस्थानं छापखान्याला आभाराचं पत्र पाठवलं आणि त्या पत्रामुळेच मी सापडलो. तिसऱ्या चुकीला शिक्षा ठरलेली होती, तळघरातलं कागदाचं भांडार. तिथं वाचायला काही नाही, नुसते गठ्ठे मोजायचे. माझा अख्खा रंगमंच म्हणजे ती दुसऱ्या मजल्यावरची खुर्ची होती, आणि ती जाईल या धास्तीनं मला कधीकधी जेवण गोड लागत नसे.

दुसऱ्या ताकिदीनंतर बाईंनी एक नियम घातला. ‘व’ आणि ‘वा’ या दोघांत गल्लत व्हायची फार भीती, तेव्हा ‘व’ आला की म्हणायचं, "व, बिनकान्याचा." ‘वा’ आला की, "वा, कान्यासकट." मी कुरकुरलो. भाषणाच्या ऐन रंगात ‘बिनकान्याचा’ म्हणजे जेवताना घासागणिक खडा. पण मात्रा चालली नाही.

अशात ते विधेयक आलं. कट करणाऱ्यांची शिक्षा वाढवण्याचं विधेयक. आधी कटाला तीन वर्षं होती, ती दहा करायची होती. मंत्र्यांनी जाहीर सभांतून सांगून ठेवलं होतं की कट करणाऱ्यांचं कंबरडं मोडू, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते सभागृहात मांडायचं होतं. दुपारी दोनला आम्ही बसलो. कलम चार असं होतं:

‘जो कोणी दोन किंवा अधिक व्यक्तींच्या कटात सामील होईल व त्या कटाच्या पूर्तीसाठी कोणतीही कृती करील, तो दहा वर्षांपर्यंतच्या कारावासास पात्र असेल.’

आता असं वाक्य अकरा वर्षांत एकदा मिळतं. मी खुर्ची मागे सारली, उभा राहिलो. ‘सामील होईल’वर आवाज खाली नेला, तिथं एक श्वास घेतला, आणि मग तो ‘व’ असा काही लांबवला, असा काही हवेत उचलला, की खाली यंत्रं चालू आहेत हेच मी विसरलो. ‘बिनकान्याचा’ म्हणायचं कुठलं भान? बाईंची लाल पेन्सिल क्षणभर थांबली. मग पानावर एक उभी रेघ पडली आणि आम्ही पुढे गेलो.

संध्याकाळी पान दुरुस्त होऊन आलं. दुसऱ्या खेपेला मूळ मजकूर काढत नाहीत, पहिल्या पानावरच्या खुणा उतरल्या की नाहीत एवढंच बघतात. खुणा उतरल्या होत्या. बाईंनी सही केली आणि विधेयक सभागृहात गेलं.

दोन दिवसांनी एकच गदारोळ. एका वर्तमानपत्राचा मथळा होता, ‘वा रे विधेयक’. खाली एका वकिलाचं पत्र. त्यात त्यानं सरळ लिहिलं होतं की या कलमात ‘सामील होईल वा कृती करील’ असं आहे, म्हणजे नुसतं सामील होऊन बोललात तरी दहा वर्षं, आणि सामील नसताना काही केलंत तरी दहा वर्षं. चार माणसं चहा पिता पिता उद्या अमुक करू म्हणाली आणि उद्या अंथरुणातून उठलीच नाहीत, तरी आत. त्यांना चहा नेऊन देणारा कॅंटीनवाला, त्यांच्या गप्पा न ऐकताही आत. आमचा कॅंटीनवाला हे ऐकून म्हणाला, "मग आजपासून चहा घ्यायला तुम्हीच खाली या." माझ्या घरचं तर विचारूच नका. बायको आणि मेहुणी फोनवर दिवसाला किमान तीन कट करतात, आणि त्यांतले दोन माझ्याविरुद्ध असतात.

सभागृहात मंत्री उठले आणि ठणकावून म्हणाले, "या विधेयकातला एकेक शब्द मी स्वतः तोलून घातला आहे. ‘वा’ आहे, ‘वा’च राहील."

आम्ही हे सगळं खोलीत चहाबरोबर वाचत होतो. मी मंत्र्यांचं वाक्य मंत्र्यांच्या आवाजात वाचून दाखवत होतो. बाईंनी बशी खाली ठेवली.

"ते पान मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "तिथं ‘व’ छापलेला होता. काना मी घातला. मूळ प्रत काढा."

मी कपाटातून मूळ प्रत काढली. पान तीन, ओळ अकरा. कायदा खात्याच्या टपोऱ्या अक्षरात, स्वच्छ, बिनकान्याचा ‘व’.

बाईंनी त्या ‘व’खाली बोट ठेवलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही काय वाचलं होतंत?"

मला सगळं आठवत होतं. खुर्ची मागे सारल्याचं, श्वास घेतल्याचं, हवेत उचललेला तो ‘व’. मी म्हणालो, "एवढ्या ओळी वाचतो बाई, आठवणार कसं?" सरळ कानांवर हात ठेवले. आजही हे लिहिताना माझी मान वर होत नाही.

बाईंना कळलं. त्यांना न कळण्यासारखं माझ्या चेहऱ्यावर काही नव्हतंच, मी काही इतका चांगला नट नाही. पण त्या नुसतं "बरं" म्हणाल्या आणि शुद्धिपत्राचा कोरा कागद पुढ्यात ओढला.

तेवढ्यात आमचे व्यवस्थापक वर आले. वर्तमानपत्र त्यांनीही वाचलं होतं आणि काहीतरी वास त्यांनाही आला होता. बाईंनी त्यांना मूळ प्रत दाखवली. ते मटकन खुर्चीत बसले, म्हणजे माझ्या खुर्चीत.

"बाई, मंत्र्यांनी सभागृहात सांगितलंय शब्द तोलून घातलाय म्हणून. आता आपण सांगायचं की तो चुकून पडला? या कानाचं त्या कानाला कळू द्यायचं नाही. आपण तिघंच आहोत, तिघांतच राहू दे. मूळ प्रत माझ्याकडे द्या."

"तिघांत?" बाई म्हणाल्या. "तिघांनी मिळून ठरवायचं, आणि मूळ प्रत तुम्ही लपवायची. म्हणजे सामील होणंही झालं आणि कृतीही झाली. ‘व’ धरा नाहीतर ‘वा’ धरा, दहा वर्षं कुठं जात नाहीत."

व्यवस्थापक उठले, प्रत टेबलावर होती तशी ठेवली, आणि दोन पावलं मागे सरले.

"तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिलेत," त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. "एकतीस वर्षं कोरी पाटी. कशाला डाग लावून घेता? तेवढा कानाडोळा करा."

"काना दिसल्यावर कानाडोळा कसा करू? आणि माझ्या पाटीचं काय घेऊन बसलात? माझी मुलगी वसतिगृहात मैत्रिणींबरोबर बसून रोज काय काय ठरवत असते. संप करू, मोर्चा काढू, रेक्टरबाईंना धडा शिकवू. सकाळी उठून मुकाट्यानं वर्गात जातात. तसं कुणाचं तरी लेकरू नुसत्या बोलण्यापायी दहा वर्षं गजांआड बसेल, आणि त्यातला एक गज मी माझ्या हातानं उभा केलेला असेल." त्यांनी पेन्सिल कागदावर टेकवली. "शिक्षा तीन वर्षं असावी की दहा, ते ठरवणारे ठरवतील. मला त्यातलं कळत नाही. पण काना माझा आहे."

मग त्यांनी लिहिलं. पान तीन, ओळ अकरा, ‘वा’ऐवजी ‘व’ वाचावे. चुकीचं कारण, या रकान्यापाशी त्या थोड्या थांबल्या. त्यांनी लिहिलं, ‘शोधकाच्या ऐकण्यात चूक’. खाली नाव, सही, तारीख. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही, आणि मला लाज वाटायच्या आधी हायसं वाटलं. हे कबूल केलेलं बरं.

कायदा खात्यात त्या मला घेऊन गेल्या, कारण प्रतींचा गठ्ठा उचलायला कुणीतरी हवं होतं. कलम लिहिणारे अवर सचिव एका फायलींच्या डोंगरामागे बसले होते. काडीसारखा माणूस, चार दिवसांत आणखी वाळलेला. मंत्र्यांनी त्यांना त्या ‘वा’बद्दल बोलावून शाबासकी दिली होती, आणि बिचाऱ्यांना वाटत होतं की आपणच झोपेत लिहिलं. बाईंनी त्यांच्याच अक्षरातला ‘व’ त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोनदा बोटानं चाचपला.

"मी ‘व’च लिहिला होता," ते म्हणाले.

"‘व’च लिहिला होतात," बाई म्हणाल्या. "अक्षर छान आहे तुमचं."

त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं आम्हाला चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि शुद्धिपत्र घेऊन तो जवळजवळ धावतच मंत्र्यांच्या दालनाकडे गेला.

आता गंमत बघा. मोठ्या माणसांची चूक कधी चूक नसते, तो विचार असतो. तिसऱ्या दिवशी मंत्री सभागृहात उठले आणि म्हणाले की लोकभावनेचा आदर करून आम्ही कलम चारमध्ये ‘वा’ऐवजी ‘व’ अशी दुरुस्ती मांडत आहोत. बाकं वाजली. वकिलानं वर्तमानपत्रात मंत्र्यांच्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. विधेयक ‘व’सकट मंजूर झालं आणि दुरुस्ती मंत्र्यांच्या नावावर लागली. बाईंचं शुद्धिपत्र ‘आवश्यकता नाही’ असा शेरा मारून परत आलं. कागदोपत्री पाटी कोरीच राहिली. छापखान्यात कुजबुज मात्र झाली. यंत्रखात्याचा मुकादम म्हणाला, "‘ध’चा ‘मा’ ऐकला होता, ‘वा’चा ‘व’ करून पुढारी मोठा झालेला आजच बघितला."

मी सुटलो. कुणाला काही कळलं नाही, माझी खुर्ची शाबूत. पण मजा गेली. मी वाचायला बसलो की आवाज आपोआप सपाट यायचा. "व, बिनकान्याचा," मी शाळकरी पोरासारखा म्हणायचो, आणि बाई मान हलवायच्या. त्यांनी त्या गोष्टीचा एकदाही विषय काढला नाही. कानउघाडणी केली असती तर बरं झालं असतं. एकदा मी म्हणालो, "बाई, त्या दिवशी..." तर त्या म्हणाल्या, "ओळ बारा." मी ओळ बारा वाचली. असे चार महिने गेले.

निरोपाचा समारंभ अक्षरजुळणी खात्यात झाला, टेबलं भिंतीला लावून. बाईंचे यजमान कोट घालून आले होते, मुलगी सुटी काढून आली होती. व्यवस्थापकांनी भाषण केलं. एकतीस वर्षं, म्हणाले, आणि एकही शुद्धिपत्र नाही. टाळ्या.

बाई उत्तर द्यायला उठल्या. "एक आहे," त्या म्हणाल्या.

व्यवस्थापक हसले. "ते निघालंच नाही बाई. ती मंत्र्यांची दुरुस्ती."

"दुरुस्ती त्यांची, चूक माझी. ऐकण्यात चूक झाली. मी लिहून दिलं होतं, ते खंडात लागलं नाही, म्हणून इथं सांगते." एवढं बोलून त्या बसल्या. लोकांना तो विनय वाटला. पुन्हा टाळ्या, आधीपेक्षा मोठ्या. मुलीनं आईच्या खांद्यावर हात ठेवला. मीही टाळ्या वाजवत होतो, पहिल्या रांगेत, सगळ्यांच्या दीडपट जोरात.

मग माझे हात थांबले. का ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की ही बाई जाताना जी एक गोष्ट मिरवायची, ती माझ्यासाठी इथं ठेवून चालली आहे, आणि मी तिच्यावर टाळ्या वाजवतोय.

मी उठलो. दोन मजले हलवणारा माझा आवाज, तो इतका बारीक निघाला की मागच्यांनी "काय?" म्हणून विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "ऐकण्यात चूक नव्हती. वाचण्यात होती. मूळ प्रतीत ‘व’ होता. मी तो लांबवला. बाईंनी बरोबर ऐकलं, मीच चुकीचं वाचलं. मला त्याच दिवशी आठवत होतं."

व्यवस्थापक माझ्याकडे बघत होते आणि तिसरी ताकीद त्यांच्या चेहऱ्यावर टाईप होत होती. बाईंनी पर्स उघडली आणि आतून चार घड्या घातलेला कागद काढला. शेरा मारून परत आलेलं तेच शुद्धिपत्र. घड्यांवर झिजलं होतं.

"एकतीस वर्षांत माहीत असून सोडलेली चूक ही एकच," त्या म्हणाल्या. "चार महिने जवळ घेऊन फिरते आहे. तुमच्या नोकरीकडे बघून ‘ऐकण्यात’ लिहिलं, पण रोज टोचायचं." त्यांनी लाल पेन्सिल माझ्यापुढे धरली. "घ्या."

वाचकाच्या हातात लाल पेन्सिल कधी देत नाहीत. अकरा वर्षांत मी ती धरली नव्हती. मी कागद टेबलावर पसरला, ‘शोधकाच्या ऐकण्यात’ यावर आडवी रेघ मारली, वर लिहिलं, ‘वाचकाच्या वाचण्यात’, आणि शेजारी सही केली. बाईंनी कागद फिरवून घेतला, चष्मा सारखा केला, शब्द न् शब्द तपासला, आणि माझ्या सहीशेजारी आपली छोटी सही केली, कुठल्याही दुरुस्तीवर करायच्या तशीच. मग कागद व्यवस्थापकांच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "आता लावा खंडात."

सोमवारी मी तळघरातल्या भांडारात रुजू झालो. जिना उतरताना मला चक्क हलकं वाटत होतं.